सगळं शून्यावर

…बुडबुडा काही मधोमध यायला तयार नव्हता. हिरवट पाण्यातला तांदळाएवढा बुडबुडा, कॅमेऱ्याच्या दांडीच्या टोकाशी बसवलेल्या इवल्याशा काचनळीत, दोन काळ्या रेघांच्या मध्ये यायचा तो डावीकडेच हटून बसला होता — आणि टेबल तर सरळ होतं, याच टेबलावर त्याची अर्धी हयात गेली होती, ते वाकडं असतं तर त्याला कळलं नसतं का… तरी त्यानं दांडीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, श्वास रोखला. बुडबुडा हलला, रेघेपाशी आला, जरा घुटमळला, आत शिरला. "झालं बाबा," तो मोठ्यानं म्हणाला. दुकानात ऐकायला कुणी नव्हतं.

असा कॅमेरा त्यानं याआधी फक्त चित्रात पाहिला होता, तेही एका जुन्या माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढ्या चित्रात. कुठल्याशा लहान कारखान्यानं मोजकेच काढले आणि मग कारखानाच बंद पडला, असं कॅमेरादुरुस्तीच्या धंद्यातली जुनी माणसं सांगायची, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. एकच लांब दांडी. तिच्यावर पुढे भिंगाची चौकट, मागे चित्र उमटतं त्या दुधी काचेची चौकट, दोन्हींच्या मध्ये चामड्याचा भाता. दोन्ही चौकटी आपापल्या तंत्रानं चालणाऱ्या — वर सरकतील, खाली सरकतील, झुकतील, वळतील; उंच इमारतींचे फोटो काढणाऱ्या माणसाला यापरतं सुख नाही. आणि काल दुपारपासून हा त्याचा होता. माझा, असं त्यानं मनात म्हणून पाहिलं. शब्द घशात अडकला नाही, पण खालीही उतरला नाही.

आनंद झाला नव्हता असं नाही. काल रिक्षात हे धूड मांडीवर घेऊन बसला होता तेव्हा दर खड्ड्याला तो ते छातीशी आवळून धरत होता. घरी आल्यावर मात्र त्यानं तो सरळ दुकानात नेऊन ठेवला, वर जुनी चादर टाकली, आणि जेवताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एरवी कुठं जुनं शटर मिळालं तरी ताटावर तासभर तेच पुराण चालायचं. बायकोनं दोनदा त्याच्याकडे पाहिलं होतं.

आता ती चहा घेऊन आली. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली, मधे एक दार. कप ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून कप हातात धरूनच ती उभी राहिली.

"हाच का तो? काल चादरीखाली झोपवलेला पाहुणा?"

"हं."

"दिला कुणी?"

"काकूंनी."

"काकूंनी, की काकांनी?"

"काकांना आता कशातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरच म्हणाले तसं."

हे वाक्य फार झटकन आलं. पाठ केलेलं असावं तसं. आणि पाठच केलेलं होतं — काल रिक्षात, मग जेवताना, मग अंथरुणावर कूस बदलताना. तिनं स्टूल ओढलं, त्याच्यावर कप ठेवला आणि म्हणाली, "निवायच्या आत प्या." तिचं काही न बोलणं त्याला लग्नापासून ठाऊक होतं, ते तिच्या बोलण्यापेक्षा लांब चालायचं.

काका त्याचे जुने गिऱ्हाईक, उंच इमारतींचे फोटो काढणारे; त्यांचे लहान कॅमेरे वर्षानुवर्षं त्याच्याकडेच दुरुस्तीला यायचे. दारात उभे राहूनच हाक मारायचे — "आहेस का रे, भिंगोबा?" — आणि मग टेबलाशी बसून तो काय करतो ते नाकावरच्या चष्म्यातून बघत राहायचे. एकदा म्हणाले होते, "तुझ्या बोटांना स्क्रू कळतात. पण घाई फार. माणसाला काय झालंय ते विचारायच्या आत तू त्याचं पोट फाडतोस." दोघंही हसले होते. पण हा कॅमेरा काकांनी कधी आणला नाही. असल्याचंही सांगितलं नाही. याचं काय दुखलं-खुपलं ते घरच्या घरीच बघत असणार… आणि मग काल तो काकांच्या खोलीत गेला.

काकूंनी बोलावलं होतं ते कपाटातल्या जुन्या सामानासाठी. नवी खाट यायची होती, दवाखान्यात असते तशी, कळ दाबली की वर-खाली होणारी. तिच्यासाठी खोली मोकळी करायची होती. काकूंनी दार लोटलं. आत अंधार. भर दुपारी पडदे गच्च ओढलेले. खिडकीकडे डोकं करून काका उताणे पडलेले — त्यांना बसतं केलं की रक्तदाब घसरतो, म्हणून सदा आडवेच — आणि त्यांच्या डोक्याच्या मागे, खाट आणि खिडकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, तिवईवर तो उभा होता. पडद्यांच्या फटीतून भिंग बाहेर काढून. त्यानं तो बघताक्षणी ओळखला. पण चेहऱ्यावरची रेघ त्यानं हलू दिली नाही. तेवढं तो या धंद्यात शिकला होता.

"हे धूड तेवढं घेऊन जा रे बाबा," काकू म्हणाल्या. "कपाटातलं राहू दे एक वेळ. खाटेचं डोकं इथं यायचंय, आणि हे मधेच पाय फाकवून उभं."

"कधीपासून आहे इथं?"

"पहिला झटका आला ना, त्यानंतर काठी टेकत टेकत यांनी इथं मांडला. दिवसच्या दिवस खटपट. उठायचं, फिरकी फिरवायची, परत जाऊन झोपायचं, परत उठायचं. मी म्हटलं, आता काय फोटो काढायचेत का? तर म्हणाले, असू दे उभा. रोज सकाळी झाकण काढायचं आणि पडदे त्याच्या भोवती नीट ओढून घ्यायचे, एवढं बजावून ठेवलं. का, ते विचारायचं राहूनच गेलं. मग दुसरा झटका आला, वाचा गेली. मी आपली काढते रोज झाकण. सांगितलेलं मोडायचं कशाला? आणि पडदे तर लागतातच. उघडले की घशातून कसला आवाज काढतात… उजेड सोसत नाही त्यांना."

काकू दमल्या होत्या. आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. चहा टाकते म्हणून त्या आत गेल्या. तो कॅमेऱ्याकडे वळला आणि त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की मागची चौकट भलतीच झुकलेली आहे. दुधी काच खाली तोंड करून, जवळजवळ खाटेवर ओणवी झालेली. पुढची चौकटही तिरपी. शटर उघडंच अडकवून ठेवलेलं. कुणाचा तरी धक्का लागला असणार, झाडताना-बिडताना — असं कुणी मांडत नाही, असा कुठल्या इमारतीचा फोटो निघतो? — असं मनाशी म्हणत तो तिवईचा बोल्ट सोडवायला खाली बसला. बोल्ट हाताला लागेना. तेव्हा तो फरशीवर आडवा झाला, उताणा, काकांच्या खाटेला लागून, काकांसारखंच खिडकीकडे डोकं करून, आणि वर पाहिलं.

काचेत रस्ता होता.

सरळ. उलटा नव्हे. उभं राहून बघणाऱ्याला या काचेत सगळं खाली डोकं वर पाय दिसतं. आयुष्यभर तो तसंच बघत आला होता, त्यात त्याला काही वाटेनासं झालं होतं. पण खिडकीकडे डोकं करून उताणं पडलेल्या माणसाला ते चित्र सरळ दिसतं. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. समोरच्या घराचं फाटक, त्याच्या पायरीवर बसून केस वाळवणारी बाई, दुकानाची ताडपत्री, झाडाची हलणारी सावली. रंगीत, तळहाताहून जरा मोठं, आणि इतकं रेखीव की बाईच्या मांडीवरचा कंगवा दिसत होता. एक सायकलवाला आला. ताडपत्रीपासून निघून फाटकापर्यंत गेला. फरशीवरून त्यानं मान खाटेकडे वळवली — का वळवली कुणास ठाऊक — आणि काकांचे डोळे पाहिले. डोळे सायकलबरोबर निघाले होते, ताडपत्रीपासून फाटकापर्यंत.

त्या वेळी मी उठायला हवं होतं. आत जाऊन काकूंना हाताला धरून आणायला हवं होतं, म्हणायला हवं होतं, काकू, जरा इथं आडव्या व्हा… एवढं एकच वाक्य. ते जिभेवर आलंही होतं. आणि त्याच वेळी त्याच्या हाताला बोल्ट लागला.

यापुढचं त्याला नीट आठवायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यात नीट आठवत होतं. बोल्ट फिरला. कपबशांचा आवाज आला. तो उठून उभा राहिला, आणि मग त्याच्या हातांनी ते केलं जे ते कुठलाही कॅमेरा गुंडाळण्याआधी करतात. अशा कॅमेऱ्याच्या प्रत्येक हालचालीला एक शून्य असतं. फिरकी तिथं आली की बोटाला बारीकसा टक्‌ असा झटका बसतो. गुंडाळण्याआधी सगळं शून्यावर आणायचं, नाहीतर भाता पिळवटतो. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. त्यानं मागची चौकट सरळ केली. टक्‌. पुढची केली. टक्‌. वळण काढलं, उंची उतरवली. टक्‌, टक्‌. काचेतला रस्ता आधी पुसट झाला, मग घरंगळत एका कडेला गेला, मग नुसता उजेड राहिला. काकांचे डोळे काचेवर होते. मग ते काचेवरून निघाले आणि त्याच्यावर येऊन थांबले. त्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बघा, चाललंय हो तुमचं लोढणं," काकू चहा घेऊन येत म्हणाल्या, आणि काकांच्या कपाळावरचे केस त्यांनी मागे सारले. पैसे घ्यायला त्या काही तयार झाल्या नाहीत. "तू नेतोयस हेच पुष्कळ. चांगल्या हातात पडला." वर अंगणातली पिशवीभर लिंबंही दिली.

दुकानात, स्टुलावरच्या चहावर साय धरली होती. त्यानं तो तसाच गटकन प्यायला आणि कामाला लागला, कारण हात चालू असले की डोकं जरा गप्प बसतं. भात्याला कुठं भोक आहे का ते बघायचं होतं. त्यानं आत दिवा सोडला, स्वतःच्या डोक्यावर काळं कापड घेतलं आणि बाहेरून एकेक घडी तपासायला लागला. एकही ठिपका नाही. कोपऱ्याकोपऱ्यांवर काळ्या कापडाची बारीक ठिगळं लावलेली, कडा बोटानं दाबून दाबून बसवलेल्या. एका ठिगळाची कड जाड होती, सुरकुतलेली. तिथं बोट थरथरलं असणार. म्हणजे हे पहिल्या झटक्यानंतरचं… तो कापडातून बाहेर आला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

मी काय चोरी केली? त्यांनी आपणहून दिला. मी मागितलासुद्धा नाही. मी नसतो नेला तर भंगारवाल्यानं नेला असता, त्यानं दांडी वेगळी विकली असती आणि भिंग पोरांना खेळायला दिलं असतं. आणि काचेत बघत होते म्हणजे समजत होतं असं थोडंच? हलतं काही दिसलं की तान्ह्या मुलाचे डोळेही जातात तिकडे… युक्तिवाद चांगला होता. त्यानं तो पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणून पाहिला, आणि दर खेपेला तो त्याच जागी येऊन अडला: डोळे काचेवरून निघाले आणि माझ्यावर येऊन थांबले. तान्ह्या मुलाचे डोळे असं करत नाहीत.

दुपारी फोन वाजला. काकू.

"भिंगोबा, अरे, खाट आली बरं का. छान आहे, उशी घेतल्यासारखं डोकं थोडं वर होतं."

"वा. चांगलं झालं."

"हो. पण अरे… तुला सहज विचारते. कालपासून ते आवाज करताहेत. पडदे उघडले तरी करतात, लावले तरी करतात. आधी लावले की शांत व्हायचे. रात्रभर डोळा नाही. तू काल बराच वेळ होतास खोलीत, तुला काही वेगळं जाणवलं का? तुला म्हणून विचारते, मला तर काही सुधरत नाही."

टेबलावर कॅमेरा सरळ उभा होता, शून्यावर, पाहुण्यासारखा.

"नवी खाट आहे ना, काकू," तो म्हणाला. "होईल सवय."

"तसंच असेल," काकू म्हणाल्या, आणि तिकडं मागं तो आवाज त्याला ऐकू आला. घशाच्या तळातून निघालेला, एकाच सुरातला, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. फोन त्यांनीच ठेवला.

एक आरसा लावा म्हणावं, त्याला सुचलं. छताला, तिरपा. खाटेवरून रस्ता दिसेल. केवढी सोपी गोष्ट! कॅमेरा राहिला आपल्याकडे आणि काकांना मिळाला रस्ता. त्यानं फोन उचललासुद्धा. पण आरसा म्हटलं की काकू विचारणार, आरसा कशाला? म्हणजे मग काचेचं सांगावं लागणार. आणि काचेचं सांगायचं तर, तुला कधी कळलं, हा प्रश्न येणार. सहज मनात आलं असं म्हणता येईल… म्हणता येईलच. इतकं खोटं तर तो रोज गिऱ्हाइकांशी बोलतो. पण फोन धरलेला हात वर जाईना. त्यानं तो खाली ठेवला आणि मग त्याला दुसरी, जास्त भक्कम गोष्ट सापडली. समजा, कॅमेरा परत नेला. पुढं? काकांनी दिवसच्या दिवस घालवून जमवलेली ती मांडणी — कुठली चौकट किती झुकलेली, किती वळलेली — आपण कुठं खूण केली आहे? सगळं शून्यावर आणून ठेवलं. आता ते कुणालाच जमायचं नाही. परत नेऊन उपयोग नाही. काय झालं ते झालं.

हे बोलून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची शिसारी आली.

बायको बाजारात जायला निघाली. पिशव्या घडी करत दाराशी थांबली. "फोन काकूंचा होता?"

"हं."

"काय म्हणत होत्या?"

"खाट आली म्हणे."

"बरं," ती म्हणाली. चपला घालताना पाठमोरीच पुढं म्हणाली, "कालपासून तुम्ही त्याला हात लावता आणि लगेच हात पुसता. कळतंय का तुम्हाला?"

ती गेल्यावर तो उठवल्यासारखा एकदम हलला. कॅमेरा तिवईवर चढवला, खिडकीशी नेला. नसतंच जमत, हे एकदा पक्कं होऊन जाऊ दे, म्हणजे जिवाला घोर नाही. दुकानाचे पडदे ओढले, फटीतून भिंग बाहेर काढलं, शटर उघडं अडकवलं. मागची चौकट अंदाजानं झुकवली. मग फरशीवर, स्क्रू आणि तारांचे तुकडे हातानं बाजूला सारून, खिडकीकडे डोकं करून तो उताणा पडला.

काचेत नुसता पांढुरका चिखल. बघ, नाहीच. उठला, पुढची चौकट थोडी कलती केली, परत पडला. चिखलात एक काळी रेघ आली. उठला. भिंग मागे घेतलं. पडला. विजेचा खांब. उठताना गुडघा कटकन वाजला आणि त्याला आठवलं की तिथं काठी टेकत एक माणूस हेच करत होता, अर्धं अंग लुळं पडलेला, आणि आपल्याला काय येऊ घातलंय हे कळलेला. उरलेलं अंगही जाईल आणि मग फक्त डोळे राहतील, एवढा हिशेब करून त्यानं ती खिडकी स्वतःसाठी बांधून ठेवली होती. तो पुन्हा पडला. हात वर करून, न उठताच, त्यानं मागची चौकट केसभर आणखी झुकवली.

रस्ता उभा राहिला.

इतक्या लवकर? त्याचा विश्वास बसेना. समोरचा शिंपी दारात उभा राहून दातात दोरा तोडत होता, दोरा दिसत होता. एक म्हातारा वर्तमानपत्राची घडी करून काखेत मारत होता. आवाज कशालाच नव्हता. रोजचाच रस्ता, ज्याच्याकडे त्यानं गेल्या कित्येक वर्षांत मान वर करून पाहिलं नव्हतं, तो तळहाताएवढा होऊन त्याच्या तोंडावर ओणवा झाला होता. चहा निवावा तेवढ्या वेळात जमलं होतं. जमणारच होतं. हे त्याला दुपारीही माहीत होतं, कालही माहीत होतं, आणि आता माहीत नाही म्हणायला जागा उरली नव्हती.

पिशव्या घेऊन बायको काचेत आली. शिंप्याशी काही बोलली, हसली. हसताना तिनं मान मागं टाकली. अशी हसते ती? मग रस्ता ओलांडून काचेच्या कडेला आली आणि कडेतून निघून गेली. दार वाजलं.

"अगंबाई! असे का पडलात? बरं वाटत नाही का?"

"दिवा लावू नकोस," तो म्हणाला. "इकडं ये. अशी, माझ्यासारखी पड."

"वय काय आपलं," ती म्हणाली, पण पिशव्या ठेवून, गुडघ्यावर हात देत, कुरकुरत त्याच्या शेजारी आडवी झाली. वर पाहिलं. मग लहान मुलीसारखं तिचं बोट वर गेलं. "अहो, तो शिंपी! हलतोय की! आणि सरळ दिसतोय… तुम्ही तर म्हणायचात, यात सगळं उलटं दिसतं म्हणून."

"असं पडून पाहिलं की सरळ दिसतं."

"असं पडून," ती म्हणाली. बोट तसंच वर राहिलं. मग हळूहळू खाली आलं, तिच्या पोटावर येऊन टेकलं. "खिडकीकडे डोकं करून."

तो काचेतल्या शिंप्याकडेच बघत राहिला.

"अहो," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "काका हे बघायचे?"

काल दुपारपासून तो याच प्रश्नाला भीत होता. आता तो विचारला गेला होता आणि हो म्हणायला तोंडसुद्धा उघडावं लागलं नसतं, मान हलवून भागलं असतं. बाहेर ऊन उतरत होतं. काचेतला रस्ता कडांकडून विझायला लागला होता, शिंप्याच्या दारावर तेवढा उजेड शिल्लक होता. ती त्याच्याकडे बघत होती, हे तिच्या श्वासावरून त्याला कळत होतं. शिंप्याच्या दारावरून एक सायकल निघाली, आणि उत्तर द्यायचं सोडून त्याचे डोळे त्या सायकलबरोबर निघाले. त्याला अजून बघायचंच होतं.